पॉलिहाऊसमध्ये लावी, बेडूक, बदके पाळून कीड आटोक्यात येते का?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, लाल-पिवळी ढोबळी मिरची घेतो. हिवाळा सरला की फुलकिडे आणि लाल कोळी, पावसाळ्यात शंखी गोगलगायी, अधूनमधून पांढरी माशी. फवारणीचा खर्च एकवेळ सोसता येतो. पण बंद जागेत फवारल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वासात घरच्या आणि गावातल्या बायका तोडणीला उभ्या राहतात, ते आता बघवत नाही.

मोबाईलवर बाहेरच्या देशांतले व्हिडिओ येतात. काचघरात लावी फिरतायत, कुठे बेडूक सोडलेत, कुठे सरडे. एकाने वेलींच्या रांगांतून बदके हाकलेली दाखवली. आपल्याकडे हे कुणी करून बघितलंय का? काय पाळावं, किती पाळावं? आतल्या आत निसर्गच कीड खाणार असेल तर मला ते मनापासून हवं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

भिंगवाला

दादा, प्रश्न चांगला आहे आणि फवारणी कमी करण्यामागचं तुमचं कारण त्याहून चांगलं. पण प्राणी निवडण्याआधी कीड हातात घेऊन बघा.

दहा पट मोठं दिसणारं भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. मिरचीचं उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर झटका. पिवळट, तपकिरी किंवा काळ्या बारीक रेघा सरसर पळताना दिसतील. ते फुलकिडे, लांबी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. मग खालच्या बाजूचं जून पान उलटं करा. शिरेजवळ विटकरी ठिपके आणि अगदी तलम जाळं दिसलं तर लाल कोळी, तो अर्धा मिलिमीटर. आता त्या पानासमोर लावी उभी करा. तिला तो ठिपका दिसणार नाही, दिसला तरी पान उलटून ती खाणार नाही. बेडूक तर हलणाऱ्या आणि तोंडात मावेल अशा भक्ष्यावरच जीभ टाकतो. पानाला चिकटून रस शोषणारी पांढऱ्या माशीची पिल्लं त्याच्या लेखी नाहीतच.

म्हणजे तुमच्या चार त्रासांपैकी जे तीन सर्वात महाग पडतात, त्यांच्यावर पाय असलेला, पिसं असलेला कोणताही पाळीव जीव चालत नाही. गोगलगाय, नाकतोडा, रातकिडा, पतंग, जमिनीलगत रोप कुरतडणारी अळी यांच्यावर चालतो. खाणारा आणि खाल्लं जाणारं यांच्या आकाराचा मेळ बसला पाहिजे.

पॉलिहाऊसमध्ये खरंच पाळायचे प्राणी आहेत, पण ते इवलेसे असतात, त्यातले काही तर मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, आधी कोंबड्या-बदके पाळणाऱ्यांचं ऐकू.

शेवंती

कोंबड्यांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे जरबेराचं पॉलिहाऊसही आहे आणि गावरान कोंबड्याही.

आत कोंबडी नको म्हणजे नकोच. लाल पोयट्याचा भुसभुशीत गादीवाफा कोंबडीला दिसला की ती पायाने उकरणारच, तो तिचा जन्मजात स्वभाव आहे. आमच्या शिवारात एका ठिकाणी आत सोडल्या होत्या. ठिबकच्या लॅटरल नळ्या उपसल्या गेल्या, ड्रिपर मातीने बुजले, कोवळी रोपं उघडी पडली. त्यात विष्ठा थेट वाफ्यावर पडते. ताज्या कोंबडीखताने मातीची क्षारता वाढते, ईसी मीटरवर लगेच कळते, आणि जरबेरा क्षारांना फार नाजूक. बंद जागेत अमोनियाचा वास कोंडतो तो वेगळाच. लावी उकरत कमी असली तरी विष्ठेचं काय? आणि एप्रिल-मेमध्ये कागदाखाली तापमान चाळिशीच्या पुढे जातं तेव्हा त्या मुक्या जिवाने सावली कुठे शोधायची? कीड खाल्ली जावी म्हणून दुसरा जीव भट्टीत कोंडणं मला पटत नाही.

खाण्याच्या मालाचा आणखी एक मुद्दा. कोंबडीच्या, लावीच्या, पालीच्याही विष्ठेत साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो. अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत किंवा कोंबडीखत टाकल्यावर मातीला लागणाऱ्या पिकाची तोडणी १२० दिवस आणि न लागणाऱ्या पिकाची ९० दिवस करता येत नाही. तोडणी रोजची असताना आत पक्षी कसे ठेवणार?

मग करायचं काय? कोंबड्या बाहेर फिरवा. पॉलिहाऊसच्या चारही बाजूंनी दोन-अडीच मीटरचा पट्टा सोडून बाहेरून जाळी मारा आणि त्या पट्ट्यात कोंबड्या ठेवा. कडेचं गवत, त्यातले नाकतोडे, रातकिडे, अळ्या, तणाचं बी, सगळं त्या वेचतात. बाहेरचं गवत हे फुलकिडे आणि पांढऱ्या माशीचं आजोळ असतं. ते उघडं-स्वच्छ राहिलं की आत येणारा लोंढा कमी होतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आमच्या पश्चिमेच्या बाजूला पट्टा आहे आणि त्या बाजूचे निळे चिकट सापळे उशिरा भरतात.

फक्त एक कळकळीची सूचना. पट्ट्यात कोंबड्या असतील तर गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तिथे अजिबात टाकू नका. कोंबडी आणि कुत्रा दोघांनाही ते विष आहे.

बांधावरचा

शेवंतीताई, पट्ट्याची कल्पना आवडली, पूर्वेला तेवढी जागा आहे. मग गोगलगायींना बदके चालतील का? दोन पावसाळे त्यांनी रोपं कापून खाल्ली आहेत.

कोकणकाठ

बदकांबद्दल खात्रीने सांगतो. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशजवळ वर्खेनोख्ट नावाचा द्राक्षमळा आहे, तिथे इंडियन रनर जातीची हजाराच्या वर बदके रोज ओळीने मळ्यात सोडतात आणि ती गोगलगायी वेचतात. तुमचा व्हिडिओ बहुधा तिथलाच. पण तिथल्या गोगलगायी लहान चणीच्या आहेत. आपली शंखी गोगलगाय पूर्ण वाढली की शंखासकट मुठीएवढी होते. बदक तिची अंडी आणि कोवळी पिल्लं गिळेल, मोठीला हात लावणार नाही.

शिवाय बदकाला पाणी लागतं आणि पाण्याजवळ ते चिखल करतं. पॉलिहाऊसच्या आत चिखल म्हणजे मर आणि मूळकूज या रोगांना आमंत्रण. बाहेरच्या पट्ट्यात, शेततळ्याच्या कडेला ठेवा, तेही पावसाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर पडतात तेव्हा.

मोठ्या गोगलगायींसाठी हाताने वेचण्यासारखा उपाय नाही. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोवळे कोंब या गोगलगायींनी फस्त केले, पुन्हा पेरणी करावी लागली. तेव्हा कृषी विभाग आणि विद्यापीठं जे सांगत होती तेच आजही लागू आहे. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाच्या कडेने अंथरायची, सकाळी उन्हं चढायच्या आत उलटी करायची. खाली गोळा झालेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायच्या. दाराच्या उंबऱ्याबाहेर कोरड्या चुन्याचा पट्टा ओढायचा, पावसाने भिजला की पुन्हा ओढायचा.

हातमोजे घालूनच वेचा. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत या गोगलगायींमार्फत माणसापर्यंत पोचतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. लहान मुलांना हे काम देऊ नका.

धामण

मी तालुक्यात साप पकडून सोडण्याचं काम करतो, म्हणून बेडकांवर बोलतो.

आधी कायदा. रानातले बेडूक, सरडे, घोरपडी पकडून आणून कोंडणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कचाट्यात येऊ शकतं. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी 'आणून देतो' म्हणालं तरी घेऊ नका. भारतातून बेडकांच्या तंगड्या एकेकाळी टनावारी परदेशी जात होत्या. भातखाचरं बेडकांवाचून ओस पडली, किडे आणि डास वाढल्याची ओरड झाली, आणि १९८७ मध्ये ती निर्यात बंद करावी लागली. बेडकाची किंमत आपल्याला तेव्हाच कळायला हवी होती.

दुसरं, लांबून जीव आणून सोडण्याचं काय होतं ते ऑस्ट्रेलियाला विचारा. १९३५ मध्ये क्वीन्सलँडच्या उसातले भुंगेरे खावेत म्हणून हवाईहून केन टोड हा भेक आणला. भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, त्यांच्या हुमण्या मातीत, आणि भेक मधल्या जमिनीवर. त्याने उसाची कीड सोडून बाकी सगळं खाल्लं, आणि त्याला खाऊन तिथले प्राणी विषाने मेले. आजतागायत तो आवरलेला नाही.

पण आपणहून येणाऱ्या भेकाला हाकलू नका. पॉलिहाऊसच्या कोपऱ्यात, फॉगरच्या (धुक्यासारखं पाणी उडवणाऱ्या यंत्राच्या) टाकीजवळ जो खडबडीत पाठीचा, मंद उड्या मारणारा असतो तो भेक. सकाळी त्याची विष्ठा पडलेली दिसते, करंगळीच्या पेराएवढी काळी लेंडी. ती काडीने फोडून बघा. आत मुंगळ्यांची डोकी, भुंगेऱ्यांच्या पाठीची चकचकीत कवचं, कधी रातकिड्याचा काटेरी पाय. रात्री त्याने काय खाल्लं याचा तो चोख हिशेब असतो. त्याच्यासाठी सावलीत फुटकी कुंडी पालथी ठेवा, उथळ पाणी ठेवा, एवढं पुरे. आणि लक्षात असू द्या, बेडकाची कातडी पाणी पिते, हवा घेते, तसंच तुम्ही फवारलेलं औषधही पिते. फवारणी चालू ठेवून बेडूक पाळता येत नाहीत.

आता सर्वात गंभीर गोष्ट. बेडूक वाढले की धामण आणि दिवड येते, ती निरुपद्रवी. पण लावीचा किंवा कोंबडीचा दाणा सांडला की उंदीर येतात, आणि उंदरांमागे घोणस आणि नाग. पॉलिहाऊस उबदार असतं, वाफ्यांमध्ये अडोसा असतो. मला पॉलिहाऊसमधून येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे दाण्याच्या गोण्या आत ठेवलेल्या ठिकाणचे असतात. खाद्य उंदराला शिरता येणार नाही अशा पत्र्याच्या पिंपात, पॉलिहाऊसपासून लांब ठेवा.

रानफूल

धामणदादांच्या शेवटच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. माझी आई बारा महिने तोडणीला जाते. पहाटे वाफ्यांमधल्या वाटेत नीट दिसत नाही, एक हात झाडात आणि दुसऱ्यात क्रेट. किडीचा बंदोबस्त करताना आत काय काय येईल याचा विचार मालकांनी आधी करावा. गमबूट आणि डोक्याला लावायची बॅटरी ही औषधाच्या बाटलीपेक्षा महाग नाहीत. आणि तोडणीवाल्या बायकांना भिंग द्या. दिवसभर पानं त्यांच्याच डोळ्यांसमोर असतात, कीड सर्वात आधी त्यांना दिसते.

वेस्टलँडहून

मी नेदरलँडमध्ये हेगजवळ काचघरांच्या पट्ट्यात काम करतो. इथल्या ढोबळी मिरचीच्या काचघरात कोंबडी, बदक, बेडूक काही नसतं. प्रत्येक रांगेत झाडांना कागदी पुड्या टांगलेल्या असतात. पुडीत कोंडा, कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी, आणि त्यांना खाणारे भक्षक कोळी. पुडीच्या छिद्रातून ते आठवडे न् आठवडे बाहेर पडत राहतात आणि पानांवर फुलकिड्यांची पिल्लं, पांढऱ्या माशीची अंडी शोधत फिरतात. मिरचीच्या फुलात पराग असतो, कीड नसेल तेव्हा त्यावर ते तग धरतात. त्यामुळे ढोबळी मिरची या पद्धतीला फार सोयीची आहे. दादा, तुमचं पीक यासाठी उत्तम आहे.

याचा इतिहास शेतकऱ्यांच्या नजरेतून सुरू होतो. १९२६ मध्ये इंग्लंडात एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीची पिल्लं काळी पडलेली दिसली. त्याने ती चेशंटच्या प्रयोग केंद्रात नेऊन दिली आणि त्यातून एन्कार्शिया नावाची इवलीशी गांधीलमाशी निघाली. पुढे तिची पैदास करून काचघरांना वाटप झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि ते मागे पडलं. लाल कोळी औषधांना दाद देईनासा झाला तेव्हा पुन्हा आठवण झाली. चिलीहून जर्मनीला आलेल्या ऑर्किडवर १९५८ मध्ये एक भक्षक कोळी सापडला होता. काकडी पिकवणाऱ्या यान कोपर्ट यांना औषधांचा त्रास व्हायचा, त्यांनी १९६७ मध्ये भक्षक कोळ्यांचा व्यवसायच सुरू केला.

स्पेनचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण तिथेही प्लास्टिकची घरं आणि कडक ऊन. २००६ च्या अखेरीस आल्मेरियाच्या मिरचीत बंदी असलेल्या औषधाचे अंश जर्मनीत सापडले, मालाला ग्राहक मिळेना. पुढच्या दोन-तीन हंगामांत तिथली बहुतेक ढोबळी मिरची भक्षक कोळी आणि भक्षक ढेकणांवर आली.

इंग्लंडात कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्टमध्ये, वर्षावनाच्या मोठ्या घुमटात, झुरळं आणि किडे खायला रूल-रूल जातीचे तितर मोकळे फिरतात हे खरं आहे. पण ती बाग बघायची आहे, तिथली पानं-फळं तोडून बाजारात जात नाहीत. व्हिडिओ बघताना हा फरक ध्यानात घ्या.

खडकमाळ

युरोपातल्या पुड्या युरोपात ठीक. आमच्याकडे मे महिन्यात शेडनेटमध्ये उभं राहवत नाही, तिथे तुमचा परदेशी कोळी काय टिकणार? आणि तो आणायचा कुठून? शेतकऱ्याला आज फुलकिडे दिसले की उद्या उपाय लागतो. दुकानदार बाटली देतो, ती चालते. उगाच स्वप्नं दाखवू नयेत.

भिंगवाला

खडकमाळ, तुमची शंका रास्त आहे, म्हणून एकेक बघू.

बाटली चालते म्हणालात. २०२१ मध्ये तेलंगण-आंध्रच्या मिरचीवर काळे फुलकिडे आले तेव्हा शेतकऱ्यांनी एकावर एक औषधं मारली, तरी उभी पिकं उपटावी लागली. लाल कोळी उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत एक पिढी पूर्ण करतो. एवढ्या झपाट्याने पिढ्या बदलणारी कीड औषध पचवायला लवकर शिकते. पायरेथ्रॉइड गटातली औषधं लाल कोळ्याला फारसं काही करत नाहीत, त्याच्या शत्रूंना मात्र साफ करतात. ते मारल्यावर कोळी भडकतो तो यामुळेच.

उष्णतेचं म्हणणं बरोबर. चिलीचा तो कोळी बत्तीस अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत ढेपाळतो. आणि परदेशी जीव आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली केंद्राची परवानगी लागते, कुणी पिशवीतून आणून सोडायचा नाही. पण आपल्याकडचे आहेत ना! निओसियुलस लाँजिस्पायनोसस हा भक्षक कोळी इथलाच, आपल्या हवेला सरावलेला, लाल कोळ्यावर चालतो. ब्लॅप्टोस्टेथस नावाचा भक्षक ढेकूण फुलकिडे आणि कोळी दोन्ही खातो. त्याच्या पैदाशीची पद्धत बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन केंद्राने बसवली आहे. मागणी आधी नोंदवावी लागते, म्हणून कीड दिसल्यावर धावायचं नाही, लावणीच्या वेळीच नियोजन करायचं.

आणि महाराष्ट्राला हे नवीन आहे असं कुणी म्हणू नये. २००२ मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला. पानाखाली कापूस लागल्यासारखा, खालची पानं चिकट काळी. उभ्या उसात माणूस शिरत नाही, फवारणार कसा? शेवटी डिफा या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा मित्रकीटक यांनी तो खाल्ला. शेतकऱ्यांनी डिफा असलेली पानं कापून मोटारसायकलवरून दुसऱ्या गावांत नेऊन उसाला बांधली. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला, २०१० मध्ये पुण्यापर्यंत आला. त्याच वर्षी पोर्तो रिकोहून रीतसर आणलेली असेरोफॅगस ही परजीवी गांधीलमाशी सोडली आणि पपई, तुती सावरली. शेवटी कीड आटोक्यात आली ती बाटलीने नव्हे.

शेवंती

पिठ्या ढेकणावरून आठवलं ते लिहितेच. पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलीमसचे भुंगेरे सोडल्यावर त्यांच्या अळ्यांवर पांढऱ्या मेणाचे झुबके येतात, अगदी पिठ्या ढेकणासारखेच दिसतात. मजूर त्यांना चिरडतात, कारण तीच कीड वाटते. ओळखायची खूण म्हणजे अळी आकाराने मोठी आणि चपळ असते, ढेकूण जागचा फारसा हलत नाही. आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, भुंगेऱ्याच्या अळ्यांना हुसकावतात. मुंग्यांचा बंदोबस्त झाला नाही तर पैसे पाण्यात.

धामण

भिंगवाल्यांना एक प्रश्न. आपणहून येणारी पाल, भेक हे तुमचे सोडलेले मित्रकीटकही खातील ना?

भिंगवाला

खातील. क्रायसोपाचा हिरवा, जाळीदार पंखांचा किडा रात्री दिव्याकडे जातो, तिथे पाल टपलेली असते. म्हणून पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवा ठेवूच नका, किंवा दाराबाहेर लांब ठेवा. पाल तिकडे जाईल, बाहेरचे पतंगही तिकडेच जातील. क्रायसोपाचं कीड खाण्याचं काम त्याची अळी करते, ती पानावरच असते. अंडी ओळखायला सोपी, केसासारख्या देठावर टोकाला एक हिरवट ठिपका, पानाखाली ओळीने किंवा घोळक्याने. कोवळ्या अळ्या भुकेल्या असल्या की एकमेकींनाच खातात, म्हणून अंडी देठावर टांगलेली असतात. सोडतानाही एका झाडावर ढीग ओतू नका, विखरून टाका.

बांधावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत लावी, बदक, बेडूक काही सोडत नाही. पूर्वेच्या बाजूला कोंबड्यांचा पट्टा करतो, मेटाल्डिहाइड बंद, गोणपाटं आणि हातमोजे आजच आणले. दुहेरी दाराचं आतलं दार कायम उघडं राहतं, त्याला वजन लावून आपोआप मिटेल असं करतो. भेकासाठी कुंडी ठेवली. तोडणीच्या बायकांसाठी भिंगं मागवली आहेत.

आता नेमकं एक विचारायचं आहे. मागच्या महिन्यात पायरेथ्रॉइड आणि त्यानंतर ॲबामेक्टिन मारलं आहे. भक्षक कोळी आणि ढेकूण केव्हा सोडू?

भिंगवाला

पायरेथ्रॉइडचा अंश पानावर आणि कागदावर मित्रकीटकांना आठ ते बारा आठवडे बाधतो. ॲबामेक्टिन त्यामानाने लवकर उतरतं. म्हणजे या पिकात आता घाई करू नका. तोपर्यंत निळे आणि पिवळे चिकट सापळे वाढवा, लाल कोळ्याची जाळी धरलेली खालची पानं पिशवीत भरून बाहेर न्या, फारच वाटलं तर कडुलिंबाचं तेल किंवा पोटॅशियम साबण पानाच्या खालून मारा. ते वाळलं की त्याचा फारसा त्रास उरत नाही. भुरी रोगासाठी गंधक मारत असाल तर तेही सोडण्याच्या आधीपासून थांबवा, भक्षक कोळ्यांना ते सोसत नाही.

पुढची लावण केव्हा आहे ते कळवा. रोपं नर्सरीतून घेताना मागच्या फवारणीची नावं लिहून मागा, रोपांबरोबर आलेलं औषधही तितकंच बाधतं. पहिलं फूल उमललं की पहिली सोडणी करू. त्याआधी एक पान घ्या, त्यावर पाच-दहा भक्षक ठेवा, झाकणाला बारीक जाळी लावलेल्या डबीत दोन दिवस ठेवून बघा. जिवंत राहिले तर बाकीचे सोडा.

शेवंती

आणि दादा, सोडणी संध्याकाळी करा. दुपारी व्हेंट (हवेच्या खिडक्या) उघडे असतात आणि वर कागद तापलेला असतो. आदल्या दिवशी फॉगर थोडा चालवून ठेवा. पट्ट्याच्या जाळीचं माप हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खालून फूटभर जमिनीत गाडावी लागते, नाहीतर मुंगूस कोंबड्या नेतं.